हेग ते पोंतिदा: युरोपातल्या कडव्या उजव्या पक्षांच्या खालच्या फळीत

युरोपातल्या कडव्या उजव्या पक्षांविषयी मराठीत जे वाचायला मिळतं, ते बहुतेक नेत्यांविषयी असतं. नेदरलँड्सचे विल्डर्स काय बोलले, फ्रान्सच्या ल पेन यांना किती टक्के मिळाले, इटलीचे साल्व्हिनी कुणाबरोबर गेले. पण बाजारात टेबल कोण मांडतं, पत्रकं कोण वाटतं, सभासद व्हायचं तर पावती कोण फाडतं आणि निवडणूक हरल्यावर दुसऱ्या दिवशी कार्यालय कोण उघडतं, हे क्वचितच कुणी सांगतं. या पक्षांचं बळ तिथेच कळतं आणि दुबळेपणाही. म्हणून प्रवासाचा मार्ग त्याच हिशेबाने आखला होता.

सप्टेंबर २०२५चा तिसरा आठवडा निवडला, कारण त्या दिवसांत सगळं ओळीने बसतं: मंगळवारी हेगमध्ये राजाचं भाषण, शुक्रवारी उत्तर फ्रान्समधला बाजार, शनिवारी झुरिचमधली सह्यांची टेबलं आणि रविवारी इटलीतला पोंतिदाचा मेळावा. सगळा प्रवास रेल्वेने होतो. भारतातून जाणाऱ्यांनी युरेल पास घेतला तरी पॅरिस-झुरिच गाडीचं आसन वेगळं आरक्षित करावं लागतं आणि पासवाल्यांचा कोटा लवकर संपतो. ते एक काम आधी उरकावं, बाकीचं जागेवर जमतं.

मंगळवार: हेग

सप्टेंबरच्या तिसऱ्या मंगळवारी डच राजा संसदेपुढे सरकारचं धोरण वाचतो आणि अंदाजपत्रक सादर होतं. हा प्रिन्सयेसडाख. मूळ जागा बिननहोफ या संसद-संकुलातलं जुनं सभागृह. पण बिननहोफ २०२१पासून दुरुस्तीसाठी बंद आहे, त्यामुळे भाषण कोर्टे फोरहाउटवरच्या रॉयल थिएटरमध्ये होतं. राजाची बग्गी बघायची तर सकाळी लवकर कठड्याजवळ जागा धरावी. समुद्र जवळ आहे, वारा बोचरा असतो. गाडीवरचा हेरिंग मासा बारीक चिरलेल्या कांद्याबरोबर खावा. तो खारवलेला, जवळजवळ कच्चाच असतो. बांगड्यासुरमईवर वाढलेल्या जिभेला पहिला घास जड जातो, दुसरा नाही.

खेर्ट विल्डर्स यांच्या पीव्हीव्हीचं शाखा कार्यालय शोधायला जाऊ नका. ते नाहीच. या पक्षाचा सभासद एकच आहे, खुद्द विल्डर्स. डच कायद्याप्रमाणे पक्षाच्या नावाने निवडणूक लढवायची तर नोंदणीकृत संघटना लागते. २००६मध्ये पक्ष स्थापन झाला तेव्हा संस्थापक दोन दाखवले गेले: एक विल्डर्स, दुसरी एक प्रतिष्ठान-संस्था. त्या संस्थेच्या मंडळावर पुन्हा विल्डर्सच. कायदा पाळला गेला आणि दुसरा माणूस आत आला नाही.

याची किंमत पक्ष रोख मोजतो. नेदरलँड्समध्ये पक्षांना सरकारी अनुदान मिळतं, पण किमान १,००० सभासद असतील तरच. पीव्हीव्हीला ते मिळत नाही. अधिवेशन नाही, तिकीटवाटपाची समिती नाही, तालुका-जिल्हा असं काही नाही. हीरो ब्रिंकमन या खासदाराने पक्षांतर्गत लोकशाहीचा आग्रह धरला, शेवटी २०१२मध्ये तो बाहेर पडला. आणि माणसं नसल्यामुळे होणारी कोंडी २०१०मध्येच दिसली होती: पालिका निवडणुका देशभर होत्या, पक्षाने लढवल्या फक्त हेग आणि अल्मेरे इथल्या.

गर्दीत एक आजी भेटल्या, नारिंगी स्कार्फ बांधलेल्या. गेली कित्येक वर्षं त्या विल्डर्सना मत देतात. सभासद होणार का, असं विचारल्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "मला कुणी विचारलंच नाही, आणि विचारायला कुणी येतही नाही." त्यांच्या गल्लीत पत्रकं टाकायला समाजवादी पक्षाची मुलं येतात. विल्डर्स त्यांना फक्त टीव्हीवर आणि फोनवर भेटतात.

या पद्धतीने २०२३मध्ये १५०पैकी ३७ जागा मिळाल्या, पहिला क्रमांक मिळाला. मग सत्ता आली, मंत्री हवे झाले, राज्य चालवायचा सराव असलेली माणसं हवी झाली. जून २०२५मध्ये विल्डर्स सरकारमधून बाहेर पडले आणि ऑक्टोबरच्या निवडणुकीत जागा २६वर आल्या. एका माणसाच्या पक्षात बंडखोरी सोपी नसते, हे खरं. पण उद्याचा मंत्री तयार होईल अशी जागाही तिथे नसते.

बुधवार आणि गुरुवार: निनोव्ह

बेल्जियममध्ये फ्लाम्स बेलांग, म्हणजे तिथला कडवा उजवा फ्लेमिश पक्ष, म्हटलं की लोक अँटवर्पला जातात. तो इतिहास आहे. १९९१च्या नोव्हेंबरात, ज्याला तिथे 'काळा रविवार' म्हणतात, या पक्षाच्या पूर्वावताराने, म्हणजे फ्लाम्स ब्लोकने, संसदेत १२ जागा मिळवल्या. बाकीच्या पक्षांनी यांच्याबरोबर कुठेही सत्तेत बसायचं नाही असं ठरवलं होतं. २००४मध्ये वंशद्वेषाच्या खटल्यात पक्षाशी संलग्न संस्था दोषी ठरल्या आणि पाठोपाठ नाव बदललं गेलं. आजची गोष्ट मात्र डेंडर नदीकाठच्या निनोव्हमध्ये आहे. ब्रसेल्सहून डेंडरलेऊला गाडी बदलायची. स्टेशनपासून चौक चालत.

गाव साधं, विटांच्या घरांचं. इथल्या उमेदवार-यादीचं नाव फ्लाम्स बेलांग नाही, 'फोर्झा निनोव्ह' आहे. गी धासेलेर हे तिचे प्रमुख. २०१८मध्ये या यादीला ४० टक्के मतं आणि ३५पैकी १५ जागा मिळाल्या, पण उरलेल्यांनी एकत्र येऊन तिला बाहेर ठेवलं. २०२४च्या ऑक्टोबरात १८ जागा आल्या, म्हणजे एकटीचं बहुमत, आणि पक्षाला पहिला महापौर मिळाला. त्या वेळी फ्लँडर्समध्ये, म्हणजे बेल्जियमच्या डचभाषक भागात, नियमही बदललेले होते. स्थानिक निवडणुकीत मतदान सक्तीचं राहिलं नव्हतं. सत्ता स्थापनेचा पहिला हक्क सर्वांत मोठ्या यादीला मिळाला होता, आणि सत्तेतल्या सर्वांत मोठ्या यादीवर ज्याला सर्वाधिक वैयक्तिक मतं, तो महापौर. सक्ती गेल्यावर मतदाराला घराबाहेर काढणं हे कार्यकर्त्याचं काम होतं आणि ज्याच्याकडे पायपीट करणारी माणसं, त्याला त्याचा फायदा.

चौकातल्या कॅफेत एक निवृत्त गृहस्थ भेटले, तीस वर्षं पत्रकं टाकणारे. त्यांनी हिशेब सांगितला तो असा. नकाशावर गल्ल्या वाटायच्या, एकाला दोन, त्याच्या स्वतःच्या घराजवळच्या नकोत. चालत तासाला दीडशेच्या आसपास टपालपेट्या होतात, बंगल्यांच्या वस्तीत निम्म्याच, कारण फाटकं लांब असतात. पाऊस असेल तर पत्रक घडी न घालता टाकायचं, घडीचा कागद पेटीच्या फटीत अडकून भिजतो. आणि पत्रकावर देशाचा प्रश्न एकच, बाकी सगळं गावाचं: फुटपाथ, पार्किंग, बंद पडलेलं पोस्ट.

वेगळं नाव का, याचं उत्तर त्यांनी स्वतःहूनच दिलं. बेल्जियममधल्या मोठ्या कामगार संघटना फ्लाम्स बेलांगच्या यादीवर उभ्या राहणाऱ्या सभासदाला काढून टाकतात. तिथे संघटनेतून बेरोजगारी भत्त्याची कामं होतात, त्यामुळे ही शिक्षा लहान नाही. दुकानदाराला गिऱ्हाइकाची भीती. गावाचं नाव लावलं की शेजाऱ्याला यादीवर बसायला थोडं सोपं जातं.

यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट २०१४ची. त्या वर्षी पक्ष संसदेत तीन जागांवर आला. बेल्जियममध्ये पक्षांचा पैसा मुख्यतः सरकारी असतो आणि तो मतांप्रमाणे मिळतो, म्हणजे मतं गेली की पगारी माणसंही गेली. उरले ते बिनपगारी. त्याच वर्षी टॉम व्हान ग्रीकेन २८व्या वर्षी अध्यक्ष झाले. त्यांनी दोन्ही टोकांना जोर लावला: फेसबुकच्या जाहिरातींवर देशातल्या कुठल्याही पक्षापेक्षा जास्त खर्च, आणि अम्युझमेंट पार्कमध्ये कार्यकर्त्यांच्या कुटुंबांची सहल. २०१९मध्ये १८ जागा, २०२४मध्ये २०. त्या निवृत्त गृहस्थांना पडत्या वर्षांबद्दल विचारलं तेव्हा म्हणाले, "आम्ही महिन्यातून एकदा भेटतच होतो. दुसरीकडे कुठे जाणार?" त्या उत्तरात राजकारण कमी आणि एकटेपणा जास्त होता. स्थलांतरितांना दारात उभं न करणाऱ्या या पक्षाचा मी विरोधक आहे, तरी त्या माणसाला आणखी कुठल्याच संघटनेने चहाला बोलावलेलं नाही, हेही तितकंच खरं. विरोधकांनी हे समजून घ्यायलाच हवं.

निनोव्हमध्ये स्लाघमुइल्डर या जुन्या भट्टीची विटकाप-पातर बिअर मिळते. न पिणाऱ्यांनी शेजारच्या खेरार्ड्सबेर्खनला जाऊन मात्तनतार्त खावा: दूध ताकाने फाडून काढलेला चोथा, बदाम, अंडी, आणि वर पापुद्र्याचं कवच. ताजा, कोमट असतानाच चांगला.

शुक्रवार: एनाँ-बोमाँ

लीलहून लोकल गाडी. खिडकीतून खाणीतल्या टाकाऊ दगडमातीचे काळे डोंगर दिसू लागले की खाणपट्टा आला म्हणायचं. खाणी बंद झाल्या, २००३मध्ये शेजारचा मेतालयुरोपचा शिसं-जस्ताचा कारखाना बंद झाला, काही वर्षांत सॅमसोनाइटचाही. समाजवाद्यांचा हा बालेकिल्ला होता. २००९मध्ये इथल्या महापौराला सार्वजनिक पैशाच्या अपहारात अटक झाली, पुढे शिक्षाही. इतकं सगळं घडत असताना बाजारात दर आठवड्याला एक तरुण उभा असे, ल पेन यांच्या नॅशनल फ्रंटचा (आजच्या नॅशनल रॅलीचा) स्टीव्ह ब्रिऑआ.

शुक्रवारचा बाजार सकाळचाच, साडेआठ ते अकरा ही वेळ बरी. फ्रेंच पक्षांच्या कामाचे तीन प्रकार इथे नीट कळतात: हातात पत्रक देणं, पेटीत पत्रक टाकणं आणि भिंतीवर पोस्टर चिकटवणं. पहिलं सर्वांत कठीण. बाजाराच्या तोंडाशी उभं राहायचं, मध्ये नाही. मध्ये लोकांचे हात पिशव्यांनी भरलेले असतात. एका ठिकाणी दोघं, तिसरा आला की घोळका दिसतो आणि लोक वळसा घालतात. पत्रक देण्याआधी नमस्कार, आणि जमलं तर नावानिशी. पोस्टरवाल्यांची सामग्री म्हणजे बादली, वॉलपेपरचा गोंद, लांब दांड्याचा ब्रश. गोंद आधी भिंतीला, मग कागद, मग वरून पुन्हा गोंद. वरचा हात चुकवला की पहाटेच्या दवाने कोपरे सुटतात आणि दुसऱ्या पक्षाला तो ओढून काढणं सोपं जातं.

ब्रिऑआ यांनी हे वर्षानुवर्षं केलं. मरीन ल पेन २००७मध्ये इथून लोकसभेला उभ्या राहिल्या. २००९च्या पालिका पोटनिवडणुकीत यांची यादी दुसऱ्या फेरीत ४७ टक्क्यांवर गेली आणि २०१४मध्ये पहिल्याच फेरीत ५०.२६ टक्के घेऊन ब्रिऑआ महापौर झाले. २०२०मध्ये ७४ टक्के. सत्तेत आल्यावर घरांवरचा स्थानिक कर कमी केला, फुलं लावली, रस्ते झाडले. आणि मानवाधिकार लीगला मोफत दिलेली जागा काढून घेतली. भाजीवाल्याने फक्त फुलांबद्दल सांगितलं. बाजाराच्या दुसऱ्या टोकाला पत्रकं वाटणाऱ्या बाईंनी जागेबद्दल सांगितलं. दोघांचंही ऐकल्याशिवाय हे गाव कळत नाही. पर्यावरणवादी पक्षाच्या राष्ट्रीय प्रमुख मरीन तोंदेलिए इथल्याच. २०१४पासून त्यांनी याच पालिकेत विरोधी बाकावरून काम केलं.

गावपातळीवर माणसं का लागतात, याचं उत्तर फ्रेंच कायद्यात आहे. पालिकेला ३५ जागा असतील तर पूर्ण यादी द्यावी लागते, स्त्री-पुरुष आलटून पालटून. एवढी नावं मिळाली नाहीत तर निवडणूकच लढवता येत नाही. राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराला ५०० लोकप्रतिनिधींच्या सह्या लागतात, किमान ३० जिल्ह्यांतून, एका जिल्ह्यातून दहा टक्क्यांहून जास्त नाहीत. बहुतेक सह्या छोट्या गावांच्या महापौरांच्या असतात. खाली कुणी नसेल तर वर अर्जही भरता येत नाही.

ल पेन यांच्या पक्षातल्या १९९८-९९च्या फुटीत ब्रुनो मेग्रे हे नेते खालचे पदाधिकारी मोठ्या संख्येने घेऊन गेले आणि पक्ष पुढची कितीतरी वर्षं लंगडत राहिला. घाईने माणसं भरली की काय होतं, ते २०२४मध्ये दिसलं. संसद अचानक बरखास्त झाली, तीन आठवड्यांत शेकडो उमेदवार हवे होते. एका उमेदवाराचा नाझी टोपीतला जुना फोटो बाहेर आला आणि दुसऱ्या फेरीतून माघार घ्यावी लागली. उमेदवार दहा वर्षं बाजारात उभा राहिलेला असता तर त्याचे जुने फोटो गावाला आधीच ठाऊक असते.

दुपारी बटाट्याच्या फ्राइजची गाडी गाठावी आणि वेळ असेल तर लाँसचं लुव्र बघावं. खाणीच्या जागेवर २०१२मध्ये उघडलेलं संग्रहालय, मुख्य दालन प्रचंड लांब.

शनिवार: झुरिच

स्वित्झर्लंडमध्ये कार्यकर्त्याचं हत्यार म्हणजे क्लिपबोर्ड. घटनेत बदल सुचवायचा तर १८ महिन्यांत १ लाख वैध सह्या. संसदेच्या कायद्याला आव्हान द्यायचं तर १०० दिवसांत ५० हजार. स्विस पीपल्स पार्टी, म्हणजे एसव्हीपी, हे काम चाळीसेक वर्षं करत आली आहे. २००९ची मिनारबंदी अशाच सह्यांतून आली, २०१४मधला स्थलांतराचा कौलही, तोही ५०.३ टक्क्यांनी.

ओर्लिकोनच्या शनिवारच्या बाजारात टेबल जवळून पाहिलं तर नवख्यांच्या चुका कळतात. प्रत्येक कागद एकाच पालिकेचा असतो, कारण सह्यांची पडताळणी त्या-त्या पालिकेत होते. झुरिचच्या कागदावर विंटरथूरच्या माणसाने सही केली की ती बाद. म्हणून पहिला प्रश्न "सही कराल का?" नसतो, "राहता कुठे?" असतो. नाव स्वतःच्या हाताने, वाचता येईल असं, जन्मतारीख, पत्ता, सही. दुसऱ्याने भरून दिलेलं चालत नाही. पेन दोरीने बांधलेलं, कागदावर पारदर्शक प्लास्टिक, कारण पावसात शाई पसरते. बाद होणाऱ्या सह्या धरून जास्तच गोळा कराव्या लागतात: लोकसंख्या १ कोटीच्या आत ठेवण्याचा प्रस्ताव एसव्हीपीने २०२४मध्ये सादर केला तेव्हा सुमारे १ लाख १४ हजार सह्या होत्या.

त्याच वर्षी सप्टेंबरात पैसे घेऊन सह्या जमवणाऱ्या कंपन्यांवर बनावट सह्यांचे आरोप झाले. दर सहीमागे पैसे दिले की हे होणारच. टेबलावरच्या शेतकरी काकांना याचा मनापासून राग होता. त्यांच्या मते सही घेणं म्हणजे दोन मिनिटं बोलणं, आणि ते बोलणंच खरं काम.

क्रिस्टोफ ब्लोखर १९७७मध्ये एसव्हीपीच्या झुरिच शाखेचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी गावोगावी शाखा उघडल्या. पैसा त्यांच्याकडे होता, पण पैशाने फक्त पोस्टर छापून होतं. शाखा जिवंत ठेवतात त्या गोष्टी साध्या: १ ऑगस्टची शेतावरची न्याहारी, यास पत्त्यांच्या स्पर्धा, जानेवारीत अल्बिसग्युटलीच्या नेमबाजी भवनात होणारी १९८९पासूनची सभा. २००७मध्ये संसदेने ब्लोखर यांना मंत्रिमंडळातून काढलं, पक्ष मात्र सर्वांत मोठाच राहिला. मराठी वाचकाला शाखा, फलक आणि गणेशोत्सवाचा मंडप आठवला की या रचनेचं निम्मं चित्र तयार होतं.

संध्याकाळी हेगची बातमी आली. मालीफेल्ड मैदानावरच्या स्थलांतरविरोधी मोर्चात दंगल उसळली, पोलिसांची गाडी जाळली, डी-६६ या उदारमतवादी पक्षाच्या कार्यालयाच्या काचा फोडल्या. मोर्चा विल्डर्स यांच्या पक्षाने बोलावलेला नव्हता, त्यांनी हिंसेचा निषेधही केला. पण मंगळवारी पाहिलेली रिकामी जागा हीच. राग आहे, मतं आहेत, आणि मोर्चाला "इथे थांबा" म्हणणारा जबाबदार कार्यकर्ता नाही. संघटना असली की पक्ष सौम्य होतो असं मी म्हणत नाही, फ्लँडर्स त्याच्या उलट सांगतं. पण संघटना असेल तर जाब विचारायला कुणीतरी सापडतं.

रविवार: पोंतिदा

शनिवारी रात्री मिलान गाठावं, सकाळी बेर्गामो, तिथून लेक्कोच्या गाडीने पोंतिदा. मेळाव्याच्या दिवशी रस्ता बंद असतो, रेल्वेच बरी. गवताचं मैदान आहे, पाऊस पडून गेला असेल तर चिखल, म्हणून जाड तळव्याचे बूट. कुणाचाही चेहरा विचारल्याशिवाय टिपू नये. बहुतेक लोक आधी पत्रकार आहात का एवढंच विचारतात आणि नाही म्हटल्यावर खायला देतात.

११६७मध्ये लोंबार्ड शहरांनी सम्राट बार्बारोसाविरुद्ध इथे शपथ घेतली अशी आख्यायिका आहे. इतिहासकारांना ती पटत नाही, लेखी उल्लेख शतकांनंतरचा आहे. उंबेर्तो बॉस्सी यांच्या लेगा या उत्तर इटलीतल्या पक्षाने १९९०पासून इथे मेळावे भरवले. भिंतीवर "आपल्या घरात आपणच मालक" अशा अर्थाची मोठी अक्षरं आहेत.

स्टेजपेक्षा तंबूंकडे लक्ष द्यावं. प्रत्येक भागाच्या शाखेची बस येते, प्रत्येकाचा तंबू. पोलेंटा ढवळायला तांब्याचं मोठं भांडं, लाकडी दांडा, आणि पाऊण तास सतत फिरणारे हात. थांबलं की तळाला लागतं. स्वयंपाकी सगळे बिनपगारी. लेगात सभासद दोन प्रकारचे: सोस्तेनितोरे, म्हणजे वर्गणी देणारा, आणि मिलितान्ते, म्हणजे काम करून दाखवल्यावर मतदानाचा आणि पदाचा हक्क मिळालेला. आज पैसे भरून उद्या पक्षाच्या बैठकीत हात वर करता येत नाही. आधी प्रचाराचे गाझेबो, म्हणजे छताचे छोटे मांडव, उभारायचे, पालिकेकडून जागेची परवानगी आणायची, वजनं बांधायची (ती नसली की वाऱ्यात छत उडतं), थंडीत उभं राहायचं.

मात्तेओ साल्व्हिनी यांनी २०१३मध्ये बॉस्सींना पक्षांतर्गत निवडणुकीत ८२ टक्के मतं घेऊन हरवलं ते याच मतदारांच्या जोरावर. मग उत्तरेचा पक्ष साऱ्या इटलीचा केला. २०१९ला ३४ टक्के, २०२२ला ८.८. मतं आली तशी गेली. पोलेंटा ढवळणारे मात्र तेच राहिले, आणि त्यांची नाराजी मैदानात उघड ऐकू येते. निवृत्त जनरल रोबेर्तो वान्नाच्ची मे २०२५मध्ये थेट पक्षाचे उपसचिव झाले. वरेजेजवळून आलेल्या एका बाईंना ते सलत होतं: "मला मत द्यायचा हक्क मिळायला किती रविवार गेले, आणि ते आले ते सरळ वरच." त्या वर्षी पाहुणे होते फ्रान्सचे, ल पेन यांच्या पक्षाचे जॉर्डन बार्देला. त्यांच्या भाषणाला टाळ्या पडल्या, पण त्या बाई तेव्हा भांडी विसळत होत्या.

परतीच्या गाड्या सभा संपताच तुडुंब भरतात, एक गाडी सोडून पुढची पकडावी. तेवढ्या वेळात मठ बघून होतो. रात्री बेर्गामोच्या वरच्या गावात कासोन्चेल्ली खावेत, आत मांस असतं, शाकाहारींनी पोलेंटा ताराञ्ञा मागावा. झुरिचची अल्बिसग्युटली सभा बघायची असेल तर स्वतंत्र प्रवास जानेवारीत करावा लागतो.